बेटाचे शहाणपण आणि बोरगावचे शिवार

बोरगाव हे पांढुर्णा जिल्ह्याच्या सौंसर तालुक्यातील गाव. ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाडा जिल्ह्यातून पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके वेगळे काढून हा नवा जिल्हा अस्तित्वात आला. समुद्र येथून शेकडो कोस दूर आहे. भरती-ओहोटी, तुफान, प्रवाळ हे शब्द येथील शेतकऱ्याच्या बोलण्यात सहसा येत नाहीत. त्याच्या बोलण्यात येतात ते संत्र्याचे आंबिया आणि मृग बहार, कपाशी, तूर, विहिरीची पातळी, आणि अलीकडे वारंवार येऊ लागलेली गारपीट. अशा गावातील अभ्यासवर्गापुढे एका सागरी बेटाची हकीगत कशासाठी ठेवावी, असा प्रश्न प्रथमदर्शनी कोणासही पडेल.

त्याचे उत्तर २०१४ सालच्या फेब्रुवारी-मार्च महिन्यांत सापडते. त्या वर्षी मध्य प्रदेश, विदर्भ आणि मराठवाड्यात अवकाळी पाऊस आणि गारपीट यांनी उभी पिके आणि फळबागा झोडपून काढल्या. संत्र्याच्या झाडाला फळ धरू लागण्यास पाच-सहा वर्षे लागतात; ते उद्ध्वस्त होण्यास अर्धा तासही पुरतो. हवामानाचा जुना क्रम आता भरवशाचा राहिलेला नाही, ही गोष्ट बागायतदाराने त्या दिवसांत स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. आता प्रश्न उरतो तो असा, की ज्याचा भरवसा देता येत नाही अशा निसर्गाबरोबर संसार कसा करावा? हा प्रश्न ज्यांच्यापुढे दीडशे-दोनशे वर्षे उभा आहे आणि ज्यांनी त्याचे उत्तर चुकतमाकत शोधले आहे, अशा लोकांमध्ये मॉरिशस बेटावरील लोकांची गणना करावी लागेल. या लोकांत मराठी भाषकही आहेत.

बेटाची ओळख

मॉरिशस हे हिंदी महासागरातील ज्वालामुखीपासून बनलेले बेट भारताच्या नैऋत्येस सुमारे चार हजार किलोमीटरवर आहे. मुख्य बेटाचे क्षेत्रफळ सुमारे १,८६५ चौरस किलोमीटर आणि लोकसंख्या साडेबारा लाखांच्या घरात आहे. मध्यभागी पठार, त्याभोवती डोंगर, उताराला उसाची शेते, मग किनारा, किनाऱ्यापुढे उथळ शांत पाणी, आणि त्या पाण्यापलीकडे प्रवाळांचा कठडा, अशी या बेटाची रचना आहे. माथ्यापासून समुद्रापर्यंतचे अंतर मोटारीने तासाभराचेही नाही.

१८३४ पासून येथील उसाच्या मळ्यांवर काम करण्यासाठी भारतातून गिरमिटिया मजूर नेण्यात आले. त्यांत कोकणातून गेलेली मराठी कुटुंबे होती. राजधानी पोर्ट लुई येथील ज्या धक्क्यावर हे मजूर उतरले, तो ‘आप्रवासी घाट’ २००६ साली जागतिक वारसास्थळ म्हणून मान्य झाला. मॉरिशस १२ मार्च १९६८ रोजी स्वतंत्र झाला. आजही तेथे शाळांतून मराठी शिकविली जाते, गणेशचतुर्थीला सार्वजनिक सुटी असते आणि झाकरीची गाणी मराठी घरांत ऐकू येतात.

लहान बेटांच्या अडचणी मोठ्या देशांपेक्षा निराळ्या असतात, ही गोष्ट संयुक्त राष्ट्रसंघाने १९९४ मध्ये बार्बाडोस येथील परिषदेत मान्य केली. याच विषयावरील पुढची आंतरराष्ट्रीय बैठक जानेवारी २००५ मध्ये पोर्ट लुई येथे भरली. मोठ्या देशात एका जिल्ह्यात अवर्षण झाले तर शेजारच्या जिल्ह्यातून धान्य, चारा किंवा पाणी आणता येते. बेटाला शेजारचा जिल्हा नसतो. तुफान आले तर ते संपूर्ण बेटावर एकदम येते. माथ्यावर झाड तोडले तर त्याची माती त्याच पावसाळ्यात समुद्रात दिसते. म्हणून बेटावर निसर्गाचा हिशेब लवकर आणि स्पष्ट मांडला जातो. अभ्यासकाच्या दृष्टीने बेटाचे महत्त्व यातच आहे.

वादळ आणि घर

२९ एप्रिल १८९२ रोजी मॉरिशसवर आलेल्या तुफानात सुमारे १,२०० माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर १९६० साली जानेवारीत ‘अ‍ॅलिक्स’ आणि फेब्रुवारीअखेर ‘कॅरोल’ अशी दोन तुफाने पाठोपाठ आली. कॅरोलच्या वेळी वाऱ्याचे झोत ताशी अडीचशे किलोमीटरपर्यंत गेले होते. हजारो घरे कोसळली. त्या वर्षीचे साखरेचे उत्पादन आदल्या वर्षाच्या निम्म्यावरही आले नाही. मृतांची संख्या मात्र चाळिसाच्या आसपास होती. पुढे फेब्रुवारी १९७५ मध्ये ‘जर्व्हेझ’ या तुफानाचे झोत ताशी २८० किलोमीटरवर पोहोचले, म्हणजे वारा कॅरोलपेक्षाही जोराचा होता; तरी मृतांचा आकडा दहाच्या आसपास राहिला.

वारा मंदावला नव्हता. बदलले होते ते घर आणि सूचनेची व्यवस्था. १९६० पूर्वी गरिबांची घरे गवती छपराची, लाकडाची अथवा पत्र्याची असत. जोराचा वारा छपरावरून वाहू लागला म्हणजे वरच्या बाजूचा हवेचा दाब कमी होतो, आतील हवा छप्पर वर उचलू पाहते, आणि एकदा छप्पर उडाले की भिंतींचा आधार जातो. कॅरोलनंतर शासनाने स्वस्त घरांच्या वसाहती बांधण्याचे मोठे काम हाती घेतले. लोकांनीही पै पै साठवून सपाट स्लॅबची, काँक्रीटची घरे बांधण्यास प्रारंभ केला. एका पिढीत बेटाचे रूप पालटले. संकट ओसरल्यावर ते विसरून न जाता, पुढचे संकट येण्यापूर्वीच्या शांत वर्षांत हे काम झाले, ही गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे.

सूचनेच्या बाबतीत तुफानाच्या चार वर्गांची पद्धत तेथे अनेक वर्षे वापरात आहे. पहिल्या वर्गाची सूचना धोका दीड-दोन दिवसांवर असताना देण्यात येते. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्गाच्या सूचना देताना, तयारीसाठी लोकांना दिवसाच्या उजेडाचे ठराविक तास मिळावेत, असा हेतू ठेवलेला असतो. चौथा वर्ग म्हणजे ताशी १२० किलोमीटरचे झोत प्रत्यक्ष सुरू झाले, आता कोणीही घराबाहेर पडू नये. वर्ग कोणता हे कळताच काय करावयाचे हे शाळकरी मुलासही ठाऊक असते. दारे-खिडक्या बंद करणे, पाणी भरून ठेवणे, अंगणातील सुटे पत्रे बांधणे, ही कामे कोणी सांगण्याची वाट न पाहता होतात.

वाळू, प्रवाळ आणि माती

मॉरिशसभोवतीच्या प्रवाळांच्या कठड्याची लांबी सुमारे १५० किलोमीटर आहे. समुद्राच्या लाटा या कठड्यावर फुटतात आणि किनाऱ्याला पोहोचेपर्यंत त्यांचा बहुतेक जोर ओसरलेला असतो. कठड्याच्या आतील उथळ पाण्यात प्रवाळ आणि शंखशिंपले यांचा चुरा होऊन पांढरी वाळू तयार होते. ती लाटांना अडवते आणि किनारा राखते. ही वाळू तयार होण्यास फार काळ लागतो.

स्लॅबच्या घरांना वाळू लागू लागली, तेव्हा लोकांची नजर याच वाळूकडे गेली. उथळ समुद्रातून दरवर्षी लाखो टन वाळू उपसली जाऊ लागली. वादळापासून वाचविणाऱ्या घरासाठी, वादळापासून वाचविणारा किनारा खर्ची पडू लागला. ही विसंगती ध्यानात आल्यावर शासनाने ऑक्टोबर २००१ पासून समुद्रातील वाळूच्या उपशावर बंदी घातली. ज्यांचे पोट वाळूच्या होड्यांवर होते, त्यांना भरपाई द्यावी लागली. बांधकामासाठी काळा दगड फोडून केलेली वाळू वापरात आली. बंदी, पर्याय आणि पोटाची सोय या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या म्हणून निर्णय टिकला. नुसत्या हुकुमाने तो टिकता ना.

प्रवाळाला दुसरा धोका डोंगरावरून येतो. प्रवाळ हे सजीव आहे आणि त्याला सूर्यप्रकाश लागतो. उतारावरची झाडी गेली, माती उघडी पडली, म्हणजे पावसाचे गढूळ पाणी समुद्रात येते, उजेड अडतो आणि प्रवाळ गुदमरते. बेटावरील मूळच्या चांगल्या जंगलापैकी आज दोन टक्केही शिल्लक नाही. त्यात समुद्राचे पाणी तापू लागल्यामुळे प्रवाळ वारंवार पांढरे पडू लागले आहे आणि समुद्राची पातळी दरवर्षी काही मिलिमीटरने वाढत आहे. या दोन गोष्टी एकट्या मॉरिशसच्या हाती नाहीत. म्हणून ज्या हाती आहेत, त्या तेथे केल्या जात आहेत. खाडीकाठच्या कांदळवनास कायद्याचे संरक्षण देऊन नव्याने लागवड होत आहे. पूर्व किनाऱ्यावरील ‘क्वात्र सर’ या गावी समुद्र आत शिरल्यास लोकांना आसरा घेता यावा म्हणून आंतरराष्ट्रीय निधीतून निवारा-केंद्र उभारण्यात आले आहे.

पाणी असून टंचाई

मॉरिशसच्या मधल्या पठारावर वर्षाला चार हजार मिलिमीटरपर्यंत पाऊस पडतो, तर पश्चिम किनाऱ्यावर हजाराहूनही कमी. त्यातील मोठा भाग नोव्हेंबर ते एप्रिल या काळातच येतो. उतार तीव्र आणि समुद्र जवळ, त्यामुळे पडलेले बरेचसे पाणी थोड्याच वेळात खारे होते. पिण्याच्या पाण्यापैकी निम्म्याच्या आसपास पाणी भूगर्भातून घ्यावे लागते. उरलेल्याची भिस्त तलावांवर आहे. पठारावरील ‘मार-ओ-व्हाकोआ’ हा त्यांतील सर्वांत मोठा तलाव १८८५ सालचा असून त्यात सुमारे अडीच कोटी घनमीटर पाणी मावते. १९९९ साली पावसाने दगा दिला तेव्हा साखरेचे उत्पादन मोठ्या प्रमाणात घटले आणि नळाचे पाणी मोजून द्यावे लागले. भरपूर पाऊस पडणाऱ्या प्रदेशातही पाणी साठविण्याची आणि मुरविण्याची जागा नसेल तर टंचाई चुकत नाही.

एका पिकाचा संसार

मॉरिशसमध्ये उसाचे राज्य झाले त्यामागे वादळ हेही एक कारण होते. ऊस वाऱ्यापुढे लवतो, आडवा होतो, पण त्याची मुळे जमीन सोडत नाहीत. पावसानंतर तो पुन्हा फुटतो. उंच फळझाडाला हे साधत नाही. एकोणिसाव्या शतकात बेटावर अडीचशेहून अधिक साखर कारखाने होते. परंतु साऱ्या देशाने एका पिकावर विसंबून राहणे धोक्याचे आहे हे १९६० ने दाखवून दिले. १९७० पासून निर्यातीचे कपडे शिवणारे कारखाने आले, नंतर पर्यटन वाढले. आज साखर कारखाने तीनच उरले आहेत, पण उसाचे चिपाड जाळून होणारी वीज देशाच्या एकूण विजेच्या सुमारे एक दशांश भरते. बाकीच्या बहुतेक विजेसाठी मात्र बाहेरून येणारा कोळसा आणि तेल यांवर अवलंबून राहावे लागते. २०२० मध्ये साथीमुळे विमाने थांबली तेव्हा पर्यटनही एका दिवसात थांबले. म्हणजे उसाच्या जागी पर्यटन आणले तरी एकावर विसंबण्याचा धोका उरतोच.

चुकांचेही धडे

बेटाच्या वाटचालीत केवळ यशच आहे असे समजू नये. ३० मार्च २०१३ रोजी पोर्ट लुई येथे दोन तासांच्या आत सुमारे दीडशे मिलिमीटर पाऊस कोसळला आणि अकरा माणसे दगावली. त्या दिवशी तुफान नव्हते. वाढत्या शहरात स्लॅब, फरशी आणि डांबर यांनी जमीन झाकली गेली होती आणि पाण्याच्या जुन्या वाटा अरुंद झाल्या होत्या. वाऱ्यावर मात करणाऱ्या काँक्रीटने पाण्याला मुरण्यास जागा ठेवली नव्हती. या घटनेनंतर आपत्ती व्यवस्थापनासाठी स्वतंत्र राष्ट्रीय केंद्र स्थापन झाले आणि २०१६ मध्ये त्यासंबंधी कायदा झाला.

जानेवारी २०२४ मध्ये ‘बेलाल’ तुफानाच्या वेळी राजधानीच्या रस्त्यांवरून पुन्हा मोटारी वाहून गेल्या. सूचनेचा वर्ग वेळेत चढविला गेला नाही अशी टीका झाली आणि हवामान सेवेच्या संचालकांना पद सोडावे लागले. साठ वर्षांत कमावलेला विश्वास एका दिवसाच्या उशिराने डळमळतो, याची ही नोंद आहे.

दुसऱ्या एका प्रसंगी लोकच पुढे आले. २५ जुलै २०२० रोजी ‘वाकाशियो’ हे परदेशी जहाज आग्नेय किनाऱ्याजवळ प्रवाळावर चढले आणि ६ ऑगस्टपासून त्यातील सुमारे हजार टन तेल समुद्रात पसरले. तेल अडविण्याची साधने पुरेशी नव्हती. तेव्हा हजारो स्त्री-पुरुष किनाऱ्यावर जमले. त्यांनी उसाचे पाचट पोत्यांत आणि कापडात भरून, शिवून, लांबच लांब गुंडाळे तयार केले आणि पाण्यावर तरंगत ठेवले. त्या गुंडाळ्यांनी सारे तेल अडले नाही, पण किनाऱ्याचा बराच भाग वाचला. हाताशी असलेली वस्तू आणि शेजाऱ्याचा हात, यांचे मोल संकटकाळी किती वाढते हे तेथे दिसून आले.

बोरगावने काय घ्यावे?

मॉरिशसचा सारा अनुभव एका सूत्रात मांडावयाचा तर ते सूत्र असे: माथा, उतार, शिवार आणि पाण्याचा प्रवाह हे एकच घर आहे, एका खोलीतील पडझड दुसऱ्या खोलीत दिसतेच. पाणलोट विकासाच्या कामात ‘माथा ते पायथा’ असे जे म्हटले जाते, त्याचाही अर्थ हाच आहे. या अर्थाने प्रत्येक गावाचे पाणलोट क्षेत्र हे एक बेट आहे. फरक एवढाच, की बेटाची हद्द सर्वांना दिसते आणि पाणलोटाची हद्द चालत जाऊन पाहावी लागते.

प्रथम वाळूचा विचार करावा. जाम नदी कन्हानला मिळते आणि कन्हान पुढे वैनगंगेला. नदीपात्रातील वाळू ही स्पंजासारखी पाणी धरून ठेवते आणि काठच्या विहिरींना ते हळूहळू पुरविते. वाळू बेसुमार उपसली तर पूर लवकर येतो, लवकर ओसरतो, काठ ढासळतात आणि उन्हाळ्यात विहिरी खोल जातात. समुद्राच्या वाळूचे जे झाले ते नदीच्या वाळूचे होऊ नये यासाठी ग्रामसभेने जागरूक असले पाहिजे. त्याचबरोबर ज्यांची मजुरी वाळूवर चालते त्यांच्या पोटाचा विचारही त्याच सभेत झाला पाहिजे. अन्यथा बंदी कागदावर राहील.

दुसरी गोष्ट पाणी मुरविण्याची. टेकडीच्या उतारावर समतल चर, खाली नाल्यावर बांध, त्याखाली शेततळे, या क्रमाने काम झाले तर गाळ वरच अडतो आणि खालचे बांधकाम टिकते. क्रम उलटला तर बांध दोन पावसाळ्यांत गाळाने भरतो. बोरगावच्या परिसरात औद्योगिक क्षेत्रही आहे. मोठी छपरे आणि पक्के रस्ते जेथे असतात तेथे पाणी मुरण्याऐवजी वाहते. पोर्ट लुईची २०१३ ची आठवण ठेवून अशा जागी छपराचे पाणी जमिनीत सोडण्याची व्यवस्था आणि नाल्यांच्या मोकळ्या वाटा यांकडे लक्ष पुरविणे अगत्याचे आहे.

तिसरी गोष्ट पिकाची. संत्रा हे या भागाचे वैभव आहे आणि ते टिकले पाहिजे. परंतु सारी जमीन आणि सारे कर्ज एकाच बागेत घालणे म्हणजे एका गारपिटीच्या हाती घराची किल्ली देणे होय. बागेसोबत तूर, ज्वारी, भाजीपाला, दोन दुभती जनावरे, बांधावर वारा अडविणारी झाडे, अशी वाटणी केली तर एक बाजू पडली तरी दुसरी उभी राहते. पीकविम्याचे कागद हंगामापूर्वीच पूर्ण करून ठेवणे हाही याच तयारीचा भाग समजावा.

चौथी गोष्ट सूचनेची. हवामानाचा अंदाज आता भ्रमणध्वनीवर येतो. पण तो आल्यावर कोणी काय करावयाचे हे ठरलेले नसेल तर त्याचा उपयोग थोडाच. वीज कडाडू लागताच झाडाखालून माणसे कोणी हलवावी, जनावरे कोठे बांधावी, एकट्या राहणाऱ्या वृद्धांकडे कोणी जावे, याची वाटणी सरपंच, पंचायत सचिव, पटवारी आणि शिक्षक यांनी गावकऱ्यांसह आधीच करून ठेवावी. ही यादी शाळेच्या भिंतीवर लावावी. मॉरिशसमध्ये जे शाळकरी मुलास ठाऊक असते, ते बोरगावच्या मुलासही ठाऊक होणे कठीण नाही.

यांपैकी कोणतेही काम तुफानाच्या किंवा गारपिटीच्या दिवशी होत नाही. ते दोन संकटांच्या मधल्या, काही न घडणाऱ्या दिवसांत होते. १९६० नंतरच्या पंधरा वर्षांत मॉरिशसच्या लोकांनी असे साधे दिवस घरे बांधण्यात घालविले, म्हणून १९७५ साली अधिक जोराचा वारा येऊनही अनेक संसार वाचले. बोरगावच्या शिवारात आज असे दिवस आहेत. पुढील पावसाळ्यापूर्वी निदान एक चर, एक नाला आणि एक यादी एवढे तरी काम पुरे करावे.

अभ्यासवर्गासाठी प्रश्न

१. आपल्या गावाच्या पाणलोटाची हद्द कोणत्या टेकडीपासून सुरू होते आणि पाणी शेवटी कोणत्या नाल्यास मिळते? विद्यार्थ्यांसह चालत जाऊन नकाशा काढावा.

२. गावातील पाच जुन्या विहिरींची पाण्याची पातळी दर महिन्याच्या एकाच तारखेस मोजावी आणि वर्षाअखेर ग्रामसभेत वाचून दाखवावी.

३. मॉरिशसमध्ये वाळूउपसा बंद करताना कोणत्या तीन गोष्टी एकत्र केल्या गेल्या? त्यांपैकी कोणती आपल्याकडे राहून जाते?

४. गेल्या दहा वर्षांत गावात झालेल्या गारपिटीच्या तारखा वडीलधाऱ्यांस विचारून लिहाव्यात. त्या दिवशी कोणती तयारी असती तर नुकसान कमी झाले असते, याची चर्चा करावी.

५. वादळापासून वाचविणाऱ्या काँक्रीटने पुराचा धोका कसा वाढविला? आपल्या गावात एका उपायातून दुसरी अडचण निर्माण झाल्याचे एखादे उदाहरण शोधावे.